खात्यात येणारे सरकारी पैसे घराला खरंच कामी यावेत म्हणून काय करायचं

मी बचत गटाचा हिशोब बघते, बायकांची पासबुकं रोज हाताखालून जातात. मीटिंग सुरू व्हायच्या आधी एक प्रश्न ठरलेला असतो, "पडले का गं पैसे?" आणि पुढच्या मीटिंगला विचारलं की कुठे गेले, तर कुणालाच नीट सांगता येत नाही. तर जे बघून बघून कळलं ते लिहितेय, कुणाच्या तरी घराला उपयोग होईल.

आधी बेरीज करा. लाडक्या बहिणीचे महिना १५०० म्हणजे वर्षाला १८,०००. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर जमीन असेल आणि पीएम किसान चालू असेल तर ६,०००, २,००० च्या तीन हप्त्यांत, आणि त्यावर राज्याच्या नमो शेतकरीचे अजून ६,०००. सगळं वेळेवर आलं तर एका घरात वर्षाला ३०,०००. एकदम हातात पडले असते तर चार दिवस घरात चर्चा झाली असती, पण दीड दोन हजार करत येतात म्हणून बाजारातच विरघळून जातात. म्हणून घरातल्या सगळ्यांनी एका संध्याकाळी बसून वर्षाचा आकडा वहीत लिहायचा, सासू नवरा पोरं सगळ्यांसमोर. कारण पैसे बाईच्या नावावर आणि खर्च भलत्याच्याच मनाने, असं झालं की भांडणं होतात, मी बघितलीयेत.

फुकटचे पैसे मिळाले की लोक उडवतात असं बोलणारे खूप भेटतात, आणि ते ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं. मध्य प्रदेशात २०११-१२ ला 'सेवा' (SEWA) या कष्टकरी बायकांच्या संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत हा प्रयोग करून बघितला होता, मोठ्या माणसाला महिना २०० आणि पोराला १००, वर्षाने ते ३०० आणि १५० केले, अट कसलीच नाही. लोकांनी काय केलं तर खाण्यात भाजी डाळ वाढवली, शेळ्या कोंबड्या घेतल्या, कर्ज कमी केलं, काही जण दुसऱ्याच्या रानात मजुरीला जायचे ते स्वतःच्या शेतात जास्त राबायला लागले. इतक्या थोड्या पैशात! आपल्याकडच्या बायकांचं डोकं पण तसंच चालतं, फक्त वाटेतली गळती थांबवायला पाहिजे.

पहिली गळती म्हणजे पैसे नक्की कुठल्या खात्यात पडतात तेच माहीत नसणं. फॉर्मवर जो खाते नंबर लिहिला तिथेच येणार असं आपण धरतो, पण डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे, पैसे आधारवर जातात, आणि आधारला एका वेळी एकच बँक डीबीटीसाठी जोडलेली असते, शेवटी जिथे सीडिंग, म्हणजे आधार खात्याला जोडणं, झालं ती. आमच्या एका काकूंना वाटत होतं हप्ता बंद झाला, रडकुंडीला आल्या होत्या. त्यांचा मोबाईल घेऊन माय आधारच्या वेबसाईटवर ओटीपी टाकून बँक सीडिंग स्टेटस बघितलं तर भलत्याच बँकेचं नाव, कधीतरी कॅम्पमध्ये अंगठा देऊन खातं उघडलेलं ते. पासबुक सापडलं ट्रंकेत, साड्यांच्या खाली. एन्ट्री मारून आणली तर सात महिन्यांचे पैसे तसेच पडलेले. म्हणून हे सगळ्यात आधी बघा, आणि ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणं, राहिली असेल तर तीही करून टाका, तिच्यामुळे पण हप्ता अडकतो. पीएम किसानसाठी १५५२६१ ला फोन लावून विचारता येतं.

पैसे काढताना बँक मित्राकडे, म्हणजे गावात बँकेच्या वतीने मशीनवर पैसे देणाऱ्याकडे, अंगठा लावत असाल तर पावती घेतल्याशिवाय उठायचं नाही. अंगठा एकदा लागला, "सर्व्हर डाऊन आहे, परत लावा" म्हणाले, परत लावला, आणि खात्यातून दोनदा पैसे गेले आणि हातात एकदाच आले, हे होतं. पहिल्यांदा अंगठा लावल्यावर मेसेज येतोय का ते बघा, मगच दुसऱ्यांदा लावा. बँक मित्राला कमिशन बँक देते, त्यामुळे दर वेळी वीस पन्नास कापून घेत असेल तर कशाचे ते तोंडावर विचारायचं, लाजायचं नाही. खुरपणी आणि ऊसतोडणीच्या दिवसांत बोटांच्या रेषा घासून जातात, मशीन घेतच नाही, तेव्हा दुसरं बोट लावून बघा, किंवा एटीएम कार्ड मागून घ्या, ते बरं पडतं.

आता खर्चाचं. माझं मत विचाराल तर पहिले काही महिने शेळी नाही, सोनं नाही, फक्त शेकड्याचं कर्ज फेडायचं. गावात कुणाकडून १०,००० शेकडा पाचने घेतले असतील तर महिन्याला ५०० नुसतं व्याज, वर्षाला ६,०००. म्हणजे पीएम किसानचे अख्ख्या वर्षाचे पैसे येतात आणि सरळ त्या माणसाच्या घरी जातात, आणि मुद्दल तिथल्या तिथेच! हे मी फळ्यावर लिहून दाखवलं तेव्हा खोलीत कुणी बोलेना. गटातून शेकडा एक दोनने पैसे घेऊन ते बाहेरचं एकदम मोकळं करा आणि दर महिन्याच्या १५०० मधून गटाचा हप्ता भरत राहा, वर्षाच्या आत बहुतेक मोकळे होता. फेडलं की लिहून घ्या, सही घ्या, कोरा चेक किंवा स्टॅम्प दिला असेल तर तो परत मागा, हे लोक विसरतात आणि नंतर त्रास होतो.

त्यानंतर किराणाची उधारी. उधारीवर असलेल्या बाईला भाव विचारता येत नाही, दुकानदार जे देईल ते घ्यायचं, तेलाचं पाकीट असो की डाळ. रोख झाल्यावर आमच्याच गटातली एक जण बाजारच्या दिवशी तीन दुकानं फिरून यायला लागली, मला तिच्या चालण्यातच फरक दिसायचा. पैशाने घरात काय बदलतं ते मला त्या दिवशी कळलं.

मग शेळी घ्या, नक्की घ्या. पण स्वस्त मिळाली म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर बाजारातून अनोळखी शेळी आणू नका, ओळखीच्या घरची, दोन वेळा व्यालेली बघा. आणली की जनावरांच्या सरकारी दवाखान्यात पीपीआरची, म्हणजे शेळ्यांच्या साथीच्या रोगाची, लस टोचून घ्या आणि जंताचं औषध पाजा, नाहीतर एका साथीत सगळं जातं. आणि घरी चारायला कोण नेणार ते आधी ठरवा, पोरीची शाळा बुडवून शेळी राखायची असेल तर राहू द्या, खरंच राहू द्या.

खात्यात वर्षभर थोडे पैसे मुद्दाम ठेवायचे. पीएम सुरक्षा विम्याचे वर्षाला २० रुपये आणि जीवन ज्योतीचे ४३६ हे मे महिन्याच्या शेवटी कापले जातात, तेव्हा खातं रिकामं असेल तर विमा बंद. दोन्हीत दोन-दोन लाखांचं संरक्षण आहे, सुरक्षाचं अपघाताला आणि ७० वर्षांपर्यंत, जीवन ज्योतीत ५० व्या वर्षापर्यंत नाव घालता येतं. कमावता माणूस घरात एकच असेल तर हे चुकवू नका.

"हप्ता वाढलाय, लिंकवर क्लिक करा, ओटीपी सांगा" असे फोन पैसे पडायच्या आसपासच येतात. ओटीपी कुणालाच नाही, भाच्यालाही नाही. गेलेच पैसे तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तासभर पण थांबायचं नाही, लवकर कळवलं तर पैसे पुढे सरकायच्या आधी अडवता येतात.

आणि एक राहिलं, नॉमिनी, म्हणजे आपल्यामागे खात्यातले पैसे कुणाकडे द्यायचे त्याचं नाव. जुन्या खात्यांवर बऱ्याचदा नॉमिनी लावलेलाच नसतो, किंवा वारलेल्या सासऱ्याचं नाव असतं. पुढच्या वेळी एन्ट्री मारायला जाल तेव्हा तिथेच फॉर्म मागा, एका पानाचा असतो, आणि भरल्यावर पासबुकात नोंद करून घ्या.