‘सगळं वाटोळंच झालं’ ऐवजी एक दिवस आठवा

२०१९च्या पुराबद्दल सांगलीत विचारा. एक जण म्हणतो, “सगळं वाटोळंच झालं.” दुसरा म्हणतो, “पाणी चौथ्या पायरीवर आलं, तेव्हा आईनं आधी पिठाचा डबा वर दिला.” ताणाच्या प्रसंगांनंतर त्या पहिल्या माणसासारखं ढोबळ आठवणाऱ्यांत नैराश्य रेंगाळण्याची शक्यता थोडी जास्त दिसते. थोडीच, हे विसरू नका. स्मरणाची ही तऱ्हा बऱ्यापैकी बदलताही येते.

वही घ्या, रोज दहा मिनिटं. वर एक साधा शब्द लिहा: हळद, पाऊस, एसटी. त्यावरून दोन वेगळ्या दिवसांचे दोन प्रसंग लिहायचे. कसोटी एकच, प्रसंग एका दिवसाच्या आत संपलेला हवा. ‘मार्केट यार्डात हमाली करायचो’ हे चालणार नाही. ‘सोमवारी पोतं उसवलं, हळद चपलेत गेली, दिवसभर पाय पिवळे’ हे चालेल. कुठे, कोण होतं, वास कसला, हातात काय होतं, एवढंच विचारा. मिनिटभरात काही सुचलं नाही तर शब्द बदला.

घोटाळा होतो तो ‘का’पाशी. ‘माझ्याच वाट्याला का?’ आलं की आठवण संपते नि उगाळणं सुरू होतं. पेन थांबवा, पुन्हा ‘कुठे’वर या. पहिले दोन आठवडे पुराला हात लावू नका. त्या आठवणीनं छातीत धडधड, रात्री दचकून जाग येत असेल, तर तो भाग समुपदेशकासमोरच उघडा.

वही औषधाच्या जागी नाही. उदासी दोन आठवडे हटली नाही तर डॉक्टर गाठा. जीव नकोसा वाटला तर लगेच टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा; मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.