झुकलेलं झाड पाडायला शिकताना

पहिल्याच हंगामात मी एक खोड उभं फाटताना पाहिलं. झाड पुढे चांगलंच झुकलेलं. कापणाऱ्याने नेहमीसारखी समोर खाच घेतली आणि मागून चेनसॉ चालवत आला. काप निम्मा व्हायच्या आत झाड निघालं, पण मधली बिजागरी अजून जाड होती, ती वाकेना. खोड वरपर्यंत चिरत गेलं आणि त्याची मागची फाक डोक्याच्या वर उसळली. तो जरा बाजूला उभा होता म्हणून वाचला. बुंध्याचा ओंडका, म्हणजे झाडातला सगळ्यांत मोलाचा भाग, जळणाला गेला.

बिजागरी म्हणजे खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये मुद्दाम राखलेली लाकडाची पट्टी. पडणाऱ्या झाडाला दिशा देते ती हीच. झुकलेल्या झाडात पाठीकडचं लाकूड ताणलेलं असतं, पोटाकडचं दाबलेलं. पाठीकडून कापत आलात की तो ताण तुम्ही तयार व्हायच्या आधीच सुटतो. म्हणून मी आता क्रम उलटा धरतो.

समोरची खाच उथळ ठेवतो, व्यासाच्या साधारण पावभागाएवढी. खोल गेलात तर झाडाच्या भाराने करवत खाचेतच आवळली जाते. खाचेचं तोंड मात्र रुंद, 70 अंशांच्या आसपास, आणि तिचे दोन्ही काप एका रेषेत नेमके मिळालेले. एक जरी पुढे गेला तरी खाच लवकर मिटते आणि चिरण्याचा धोका परत येतो. मग व्यासाच्या दहाव्या भागाएवढी बिजागरी सोडून तिच्या मागे करवत बाजूने आरपार खुपसायची. सुरुवात बारच्या, म्हणजे साखळी ज्याच्याभोवती फिरते त्या पात्याच्या, टोकाच्या खालच्या अंगाने. वरचं अंग लाकडाला टेकलं तर करवत उसळून थेट तोंडावर येते, यात दुसऱ्या चुकीला जागा नाही. आत गेल्यावर मागे कापत यायचं आणि पाठीला लाकडाचा एक पट्टा शिल्लक ठेवायचा.

इथे थांबा. झाड त्या पट्ट्यावर उभं आहे, घाई कसलीच नाही. वर सुकी फांदी लोंबतेय का, झाडाच्या दुप्पट उंचीच्या टप्प्यात कुणी आहे का, तिरकं मागे निघायची वाट मोकळी आहे का, सगळं पुन्हा बघा. वाट करवत सुरू करण्याआधीच साफ केलेली असावी. मग हाक देऊन, बाजूला उभं राहून पट्टा बाहेरून कापा आणि लगेच निघा.

एका अंगाला झुकलेल्या झाडाला कलाच्या विरुद्ध बाजूची बिजागरी जाड ठेवतात, कलाच्या बाजूला पाचर. पाडायच्या दिशेच्या उलट कललेलं झाड नवख्याने एकट्याने हातात घेऊच नये. तिथे पाचरींबरोबर विंचचा, म्हणजे दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राचा, दोरही लागतो.

लाकूड वाचवायचं तर पडण्याची जागाही निवडावी लागते. खडकावर, खुंटावर किंवा घळीवर आडवं पडलेलं खोड आतून तडकतं. बिजागरीच्या मधले तंतू ओंडक्यातून लांबवर उपसून येतात, म्हणून जाणकार खाचेतून बिजागरीचा गाभा थोडा कापून घेतात. त्याने बिजागरी कमजोर होते. हात बसेपर्यंत हे सरळ झाडांवरच करा.

आणखी एक गोष्ट मला उशिरा कळली. झुकलेल्या झाडाचा गाभा मध्यावर नसतो. सूचिपर्णी झाडात पोटाकडचं लाकूड घट्ट असतं आणि सुकताना लांबीत जास्त आकसतं. रुंदपर्णी झाडात पाठीकडे ताणाचं लाकूड असतं, ते चिरताना तंतुळ सुटतं. फळ्या वाकतात. फार झुकलेल्या खोडातून लांब फळ्या मिळतील असं मालकाला कधी सांगू नका, आखूड ओंडके पाडा.

खुपसण्याचा सराव उंच राखलेल्या खुंटावर करा. बिजागरी दोन्ही टोकांना सारखी जाड आली का, हे प्रत्येक वेळी खुंट उघडून मोजा. मी पट्टी घेऊनच मोजत असे.