धर्मादाय रुग्णालयात बिलाची सवलत कशी मिळवावी

डिस्चार्जच्या दिवशी बिल हातात पडलं की लोकांचा फोन येतो, "काहीतरी करा ना." तोवर करण्यासारखं फार थोडं उरलेलं असतं. पेशंट दाखल होतो त्या दिवशीच सगळं ठरतं.

पहिल्यांदा मान ताठ करा, तुम्ही उपकार मागत नाही आहात. मुंबई उच्च न्यायालयानं २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातल्या धर्मादाय, म्हणजे सार्वजनिक ट्रस्टनं चालवलेल्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकासाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. दोनशे खाटांच्या रुग्णालयात वीस आणि वीस. खर्चासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम ‘निर्धन रुग्ण निधी’त जमा व्हायची असते. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत असेल तर निर्धन, ३,६०,००० पर्यंत असेल तर दुर्बल.

रुग्णालय धर्मादाय आहे का, ते धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर बघा. कागद नेहमीचेच: तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, आधार. दाखला नसेल तर घरच्या कुणालातरी आजच सेतूत पाठवा आणि तोवर रेशनकार्डावर अर्ज द्या.

आता खरी अडचण, म्हणजे दाखल करतानाचा काउंटर. माझ्या मामांना रात्री अकराला नेलं होतं. "जनरलमध्ये बेड नाही, आज सेमीत ठेवू, उद्या हलवू," असं सांगून चार कागद पुढे सरकवले. मी न वाचता सह्या ठोकल्या. तिसऱ्या दिवशी सवलतीचा अर्ज घेऊन गेलो, तर समाजसेवकांनी तोच फॉर्म माझ्याकडे फिरवला आणि एका ओळीवर पेनाचं टोक ठेवलं: ‘वरचा वर्ग स्वेच्छेने घेत आहे.’ खाली माझीच सही. विषय संपला.

म्हणून जनरल वॉर्डच मागा. नाहीच मिळाला, तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा: ‘जनरल वॉर्ड मागितला, उपलब्ध नसल्याचे सांगितले’, पुढे तारीख आणि वेळ. काउंटरवरचा माणूस वैतागेल. वैतागू दे.

दुसऱ्या दिवशी सकाळी समाजसेवा विभागात जा. साध्या कागदावर अर्ज, दोन प्रती. एक त्यांना, दुसरीवर शिक्का आणि तारीख घेऊन आपल्याकडे. "ठेवून जा, बघतो" असं म्हणाले तर अर्ज दिलाच नाही असं समजा. शिक्का मिळेपर्यंत मी तिथल्या बाकावर बसून राहतो, तासाभरात मिळतो. "कोटा भरलाय" हे उत्तर तोंडी ऐकून परत फिरू नका, अर्जावर लिहून मागा. रिकाम्या खाटांची माहिती संकेतस्थळावर बघून घ्या आणि पोच घेऊन जिल्ह्यातलं धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय गाठा. पोच नसेल तर तिथेही तुमचं म्हणणं हवेतच राहतं.

तातडीचा पेशंट असेल तर डिपॉझिटसाठी अडवता येत नाही. आधी दाखल करून उपचार सुरू करायचे, असं योजनेतच आहे.

"आमदारांची चिठ्ठी आणा" हा सल्ला देणाऱ्यांना माझा नमस्कार. चिठ्ठीनं एखादा फोन होतो, पण फाइलला कागदच लागतात. त्या धावपळीत दोन दिवस जातात आणि तेवढ्यात बिल वाढतं.

त्याच दिवशी आरोग्यमित्राला, म्हणजे महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या मदतनीसाला भेटून त्या योजनेत हा उपचार बसतो का तेही विचारा. मंजुरी उपचाराआधी घ्यावी लागते. मुख्यमंत्री सहायता निधीसाठी रुग्णालयाकडून खर्चाचं अंदाजपत्रक घ्या. भरून झालेल्या बिलाचा परतावा तिथून मिळत नाही.

शेवटी बिल. निर्धन रुग्णाला काही भरायचं नसतं. दुर्बल घटकाला सर्वांत खालच्या वर्गाचे सवलतीचे दर लागतात आणि औषधं, इम्प्लांट रुग्णालयाच्या खरेदी किमतीला. औषधं आणि इम्प्लांटच्या या बिलातली किमान निम्मी रक्कम आपण भरायची. तेव्हा आधी औषधांचा रकाना काढा. पाकिटावरची छापील किंमत तिथे जशीच्या तशी दिसली, तर पैसे भरण्याआधी बिल दुरुस्त करायला परत पाठवा.