बोट लागत नसेल तर आधी टॅबची सेटिंग बघा

कापूस वेचणीच्या दिवसांत आजी-आजोबांना टॅब शिकवताना पहिली अडचण बोटांची येते. टॅबची काच दाब ओळखत नाही, ती त्वचेतून जाणारा सूक्ष्म विद्युतभार ओळखते. कापसाच्या बोंडांनी खरखरीत झालेलं, कोरडं, घट्टे पडलेलं बोट तिला नीट कळतच नाही. मग माणूस आणखी जोरात दाबतो, जास्त वेळ दाबून ठेवतो, आणि ॲपचं चित्र जागेवरून सरकतं किंवा ‘रिमूव्ह’ असं काहीतरी समोर येतं. इथेच घाबरून टॅब खाली ठेवला जातो. चूक त्यांची नसते, हे त्यांना आधी स्पष्ट सांगा.

ओल्या फडक्याला बोट पुसून घ्यायला लावा. नखाने नव्हे, बोटाच्या गादीने, कपाळाला कुंकू टेकवतो तसं टेकवून लगेच उचलायचं. तेलाचा हात नको. जाड स्क्रीनगार्ड असेल तर काढून बघा.

मग सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा आणि ‘टच अँड होल्ड डिले’ला (बोट किती वेळ टेकलेलं राहिलं की टॅबने ते ‘दाबून ठेवलं’ असं धरायचं, ती वेळ) ‘लाँग’ करा. बहुतेक अँड्रॉइड टॅबमध्ये ही सोय असते. एवढ्यानेच निम्मा गोंधळ थांबतो. स्क्रीन बंद होण्याची वेळ 5 किंवा 10 मिनिटांवर न्या, अक्षरं मोठी करा, स्क्रीनच्या खालची तीन बटणं (मागे जाणं, होम, उघडलेली ॲप्स) चालू ठेवा.

पहिल्या दिवशी एकच काम: नातवाला व्हिडिओ कॉल लावणं. टॅब त्यांच्याच हातात राहू द्या. तुम्ही बोट लावून दाखवलंत, की शिकणं तिथेच थांबतं.