जत्रेच्या मैदानावरील जुन्या मोटारशर्यतीचा माग कसा काढावा

अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत, म्हणजे आयोवा, मिनेसोटा, विस्कॉन्सिन, इंडियाना या राज्यांत राहणाऱ्या मराठी मंडळींनी गावाच्या कडेला एक विस्तीर्ण मैदान, त्यात जुने प्रेक्षागार आणि त्याच्यासमोर गवत माजलेला लंबगोल, असे दृश्य कधी ना कधी पाहिलेले असते. उन्हाळ्याच्या शेवटी तिथे कौंटीची जत्रा भरते, मक्याची कणसे, डुकरे आणि घरगुती मुरंबे यांना बक्षिसे दिली जातात आणि उरलेले वर्षभर मैदान जवळपास ओस असते. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अशा मैदानांवर मोटारींच्या शर्यती होत असत, आणि त्यांपैकी बहुतेकींची आज त्या गावातही कुणाला धड माहिती नसते. अशी एखादी शर्यत निवडून तिचा खरा वृत्तांत कसा उभा करावा, हे पुढे सांगितले आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच मनाशी पक्की करावी: ही शर्यत मोटारशर्यतींच्या अधिकृत इतिहासात शोधण्याऐवजी जत्रेच्या कारभारात शोधावी, कारण ती मुळात जत्रेतील एक खेळ म्हणून भरवली जात असे.

याचे कारण त्या ट्रॅकमध्येच आहे. तो मोटारींसाठी बांधलेला नव्हता, तर दोनचाकी हलकी गाडी ओढत दुडक्या चालीने धावणाऱ्या घोड्यांसाठी होता. ७ सप्टेंबर १८९६ रोजी ऱ्होड आयलंड राज्याच्या जत्रेत, क्रॅन्स्टन येथील नॅरागॅन्सेट पार्कच्या घोड्यांच्या ट्रॅकवर मोटारी पळवल्या गेल्या आणि त्यात रायकर कंपनीची विजेवर चालणारी गाडी जिंकली. अमेरिकेत ट्रॅकवर झालेली ही पहिली मोटारशर्यत मानली जाते. १० ऑक्टोबर १९०१ रोजी डेट्रॉइटजवळच्या ग्रॉस पॉइंट येथे हेन्री फोर्डने अलेक्झांडर विंटनला हरवले, तोही घोड्यांचाच ट्रॅक होता. मिलवॉकीजवळ, विस्कॉन्सिनच्या राज्यजत्रेच्या मैदानावर सप्टेंबर १९०३ मध्ये मोटारी प्रथम धावल्या आणि तो ट्रॅक १९५४ पर्यंत मातीचाच राहिला. ही झाली मोठ्या शहरांजवळची एक मैल लांबीची मैदाने. लहान गावाच्या वाट्याला बहुधा अर्ध्या मैलाचा, म्हणजे साधारण ८०५ मीटरचा ट्रॅक येत असे, आणि पुढे सांगितलेली कामे प्रामुख्याने अशाच ट्रॅकसाठी आहेत.

पहिले काम ट्रॅकची जागा व मोजमाप निश्चित करण्याचे आहे. अमेरिकी भूसर्वेक्षण खात्याने जुने स्थलदर्शक नकाशे संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिलेले आहेत आणि त्यांत जत्रेचा ट्रॅक पुष्कळदा लंबगोलाने दाखवलेला असतो. १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून तिथल्या शेतकी खात्याने विमानातून काढलेली छायाचित्रे त्याहून उपयोगी आहेत. शेतीच्या सरकारी योजनांसाठी कोणत्या शेतात काय पेरले आहे हे पाहण्याकरिता ती काढली गेली, पण त्यांत ट्रॅक, कुंपण, तबेले आणि प्रेक्षागार अगदी स्पष्ट दिसतात. सॅनबोर्न कंपनीचे आगविम्याचे नकाशेही पाहावेत, मात्र ते गावाच्या दाट वस्तीपुरते असल्यामुळे कडेचे मैदान त्यांत असेलच असे नाही. आजचे उपग्रहचित्र जुन्या चित्रावर ठेवून पाहताना प्रेक्षागाराची जागा स्थिर बिंदू म्हणून धरावी, कारण ट्रॅक पुढे आखूड केला गेला किंवा सरकवला गेला तरी प्रेक्षागार सहसा हलत नाही. लांबी मोजताना घोड्यांच्या ट्रॅकची जुनी रीत लक्षात ठेवावी: आतील कुंपणापासून तीन फूट बाहेरून जाणाऱ्या रेषेवर अंतर मोजले जाई. मोटार मात्र त्या रेषेवरून धावत नसे. वळणावर ती बाहेर फेकली जाई, म्हणजे तिने कापलेले अंतर कागदावरच्या अर्ध्या मैलाहून थोडे अधिकच असे.

दुसरे काम वर्तमानपत्रांचे, आणि बहुतेक वेळ याच कामात जातो. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या 'क्रॉनिकलिंग अमेरिका' या संग्रहात जुनी वर्तमानपत्रे फुकट वाचता येतात. अनेक राज्यांच्या इतिहास संस्थांचेही असे संग्रह आहेत. केवळ चालकाचे नाव टाकून शोधण्यावर विसंबू नये, कारण जुनी फिकट छपाई यंत्राला नीट वाचता येत नाही आणि नावांची अक्षरे हमखास बिघडतात. त्याऐवजी जत्रेच्या तारखा आधी काढाव्यात आणि त्या आठवड्याच्या आगेमागचे अंक पानोपान वाचावेत. मोटारशर्यत पुष्कळ ठिकाणी जत्रेच्या अखेरच्या दिवशी ठेवली जाई, कारण मोटारींनी ट्रॅक उखडला की घोडेवाल्यांची तक्रार येई; त्यामुळे शेवटच्या दिवशीचा कार्यक्रम सर्वांत आधी पाहावा. जत्रेखेरीज ४ जुलै आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारचा कामगार दिन हेही शर्यतींचे ठरलेले दिवस होते.

अंक वाचताना तीन प्रकारचा मजकूर वेगळा ठेवावा: शर्यतीपूर्वीची जाहिरात, शर्यतीपूर्वीची बातमी आणि शर्यतीनंतरचा वृत्तांत. यांपैकी पहिले दोन प्रकार सहसा एकाच हातचे असत, आणि तो हात संपादकाचा नसून शर्यत भरवणाऱ्या व्यवस्थापकाच्या प्रसिद्धीप्रमुखाचा असे. जाहिरातीत दहा नामवंत चालक असतील आणि प्रत्यक्षात चार उतरले असतील, तर खरे चारच. वृत्तांत गावच्या साप्ताहिकात एका परिच्छेदापुरता असेल, पण त्यात पाऊस पडला का, धूळ किती उडाली, कुंपण कुठे मोडले, हे पाहणाऱ्याच्या नजरेने लिहिलेले असते, म्हणून त्याचे मोल अधिक आहे.

मग एका गावावर न थांबता शेजारच्या जत्रांकडे वळावे. हे चालक आणि त्यांच्या गाड्या आगगाडीने एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात असत, त्यामुळे रेल्वेमार्गावरील पुढच्या-मागच्या गावांची वर्तमानपत्रे जोडून वाचली की संपूर्ण दौऱ्याचे चित्र उभे राहते. येथेच एक गंमत उघडी पडते. सोमवारी एका गावात पहिली फेरी एकाने, दुसरी दुसऱ्याने आणि तिसरी अगदी नाकभर अंतराने पहिल्याने जिंकलेली असते. गुरुवारी पुढच्या गावात तेच दोघे, त्याच क्रमाने किंवा उलट क्रमाने, तितक्याच चुरशीने धावलेले आढळतात. निकाल आधी ठरवून खेळ रंगवण्याची ही पद्धत त्या काळी सर्वश्रुत होती. बार्नी ओल्डफील्ड या त्या काळच्या सर्वांत प्रसिद्ध चालकाने गावोगावच्या मैदानांवर असे कार्यक्रम वर्षानुवर्षे केले, आणि १९१४ मध्ये तर त्याची मोटार विरुद्ध लिंकन बीची याचे विमान असे सामने जत्रांच्या ट्रॅकवर झाले. म्हणून निकालाची नोंद करताना 'अमुक जिंकला' एवढेच न लिहिता त्याच दोघांचे आगेमागेचे निकाल शेजारी मांडावेत. खेळ ठरवलेला असला म्हणून त्यातला धोका लुटुपुटूचा होता असे मात्र समजू नये. जत्रांच्या ट्रॅकवर वर्षानुवर्षे विजेता ठरलेला आयोवातील सीडर रॅपिड्सचा गस श्रेडर ऑक्टोबर १९४१ मध्ये लुइझियाना राज्यातील श्रीव्हपोर्टच्या जत्रेत अपघातात मरण पावला. १६ सप्टेंबर १९११ रोजी सिरॅक्यूज येथे न्यूयॉर्क राज्याच्या जत्रेत ली ओल्डफील्ड या दुसऱ्याच एका चालकाची गाडी कुंपण तोडून गर्दीत घुसली आणि अनेक प्रेक्षक ठार झाले. अशा अपघाताचा शोध घेताना पहिल्या दिवशीच्या आकड्यावर थांबू नये, पुढच्या आठवडाभराचे अंक पाहावेत आणि शक्य झाल्यास कौंटीच्या मृत्यूनोंदींशी ताडून घ्यावेत.

अधिकृत याद्यांत शर्यत सापडली नाही म्हणून ती झालीच नाही असा निष्कर्ष काढणे ही नवख्या अभ्यासकाची नेहमीची घसरण असते. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशन ही संस्था १९५५ पर्यंत शर्यतींना मान्यता देत असे, आणि तिच्या परवानगीविना धावणारा चालक बहिष्कृत ठरे. ऑक्टोबर १९१० मध्ये ब्रुकलिनच्या शीप्सहेड बे येथील घोड्यांच्या ट्रॅकवर बार्नी ओल्डफील्ड मुष्टियुद्धातील जगज्जेता जॅक जॉन्सन याच्याशी शर्यत धावला, तेव्हा या संस्थेने त्याला निलंबित केले. जॉन्सन कृष्णवर्णीय होता, हे त्या निर्णयामागचे कारण झाकून ठेवण्याचे काहीच प्रयोजन नाही. जत्रांमधील शर्यती बहुतांशी या संस्थेच्या छत्राबाहेर होत. त्यांच्यासाठी १९१५ मध्ये इंटरनॅशनल मोटर कॉन्टेस्ट असोसिएशन ही वेगळी संस्था निघाली आणि जे. अॅलेक्स स्लोन हा तिचा कर्ताकरविता होता. शर्यत भरवणाराही तोच, 'विश्वविक्रम' जाहीर करणाऱ्या संस्थेमागेही तोच. तेव्हा त्या विक्रमांकडे कोणत्या नजरेने पाहावे, हे वेगळे सांगायला नको.

वेगाचा दावा तपासण्यासाठी अंकगणित पुरेसे आहे. अर्ध्या मैलाची फेरी ३० सेकंदांत पूर्ण झाली, तर सरासरी वेग ताशी ६० मैल, म्हणजे सुमारे ९७ किलोमीटर होतो. दोन सरळ पट्टे आणि दोन अर्धवर्तुळाकार वळणे समान लांबीची धरली, तर प्रत्येकी ६६० फूट, म्हणजे सुमारे २०१ मीटर येतात आणि वळणाची त्रिज्या साधारण ६४ मीटर होते. एवढ्या त्रिज्येच्या सपाट वळणावरून ताशी ७० किलोमीटर वेगाने जायचे, तर टायर आणि माती यांच्यातील पकड गाडीच्या वजनाच्या सहा दशांश इतकी लागते, आणि अरुंद टायरांच्या, मोकळ्या मातीवर धावणाऱ्या गाडीला एवढी पकड मिळणे ही चांगलीच गोष्ट झाली. वळणे ७० च्या आणि सरळ पट्टे सरासरी १०० च्या वेगाने घेतले, तर एका फेरीला ३५ सेकंद लागतात. ट्रॅक बाहेरच्या बाजूने उंचावलेला असेल, माती ओलसर व घट्ट दाबलेली असेल किंवा चालक रुंद वळण घेत असेल तर वेळ कमी होईल, म्हणून हा हिशेब निकाल देण्यासाठी नव्हे तर शंका घेण्यासाठी वापरावा. तुलनेसाठी एक खात्रीचा आकडा हाताशी ठेवावा: २० जून १९०३ रोजी इंडियानापोलिसच्या जत्रेच्या मैदानावर बार्नी ओल्डफील्डने एक मैलाची फेरी ५९ पूर्णांक तीन पंचमांश सेकंदांत पूर्ण केली आणि त्या काळी ती देशभर गाजली. तोही पूर्ण मैलाचा ट्रॅक होता, तेव्हा त्याच सुमाराच्या एखाद्या खेड्यात अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर तितकाच वेग नोंदलेला आढळला, तर घड्याळ कुणाच्या हातात होते ते आधी शोधावे. जुन्या स्टॉपवॉचवर सेकंदाचे पाच भाग असत, त्यामुळे मूळ नोंदी पंचमांशात असतात, ५९.७ असा आकडा त्या वर्षांसाठी आला, तर तो नंतरच्या कुणीतरी केलेला असण्याचा संभव आहे.

यानंतर जत्रेच्या मंडळाचे दप्तर मागावे, आणि या लेखात एकच सल्ला पाळायचा असेल तर हा पाळावा. सभावृत्तांत आणि जमाखर्चाच्या वह्या मंडळाच्या कार्यालयात, कौंटीच्या इतिहास मंडळात किंवा एखाद्या माजी सचिवाच्या घरच्या पोटमाळ्यावर असतात. व्यवस्थापकाला दिलेली ठरावीक रक्कम किंवा प्रेक्षागाराच्या तिकिटांतला हिस्सा, पाण्याच्या गाडीची मजुरी, चिकणमातीचे भरे, धूळ बसवण्यासाठी घेतलेले तेल किंवा कॅल्शियम क्लोराइड, कुंपणाची दुरुस्ती, पावसाचा विमा, अशा खर्चांच्या ओळी तिथे सापडतात. जाहिरातीतील वीस हजारांच्या गर्दीची खरी संख्या तिकिटांच्या जमेवरून काढता येते, आणि ती काढण्यात वर्तमानपत्र वाचण्याहून अधिक मजा आहे. शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी कुंपणाच्या फळ्यांसाठी मोठी रक्कम खर्ची पडली असेल, तर ज्या अपघाताबद्दल गावचे साप्ताहिक गप्प राहिले तोही उजेडात येऊ शकतो.

छायाचित्रांसाठी जुन्या छायाचित्र-पोस्टकार्डांचा बाजार धुंडाळावा. कार्डाच्या मागील बाजूस पत्ता व मजकूर यांसाठी मधोमध रेघ असेल, तर ते मार्च १९०७ नंतरचे. टपाल तिकिटासाठी छापलेल्या चौकटीत 'अॅझो' हे छायाचित्र-कागदाचे नाव असून तिच्या चार कोपऱ्यांतले चारही त्रिकोण वर टोक करून असतील, तर कागद साधारण १९०४ ते १९१८ या काळातला; दोन वर आणि दोन खाली असतील, तर त्यानंतरच्या दशकातला. मैदानात उभ्या असलेल्या प्रेक्षकांच्या गाड्यांच्या नंबरपाट्या भिंगातून पाहाव्यात, कारण पुष्कळ राज्ये पाट्या दरवर्षी बदलत आणि त्यांवर वर्ष छापत. चालकाशेजारी दुसरा माणूस, म्हणजे सोबतचा मेकॅनिक, बसलेला आहे का, गाडीवरचा क्रमांक जाहिरातीतील यादीशी जुळतो का, मागचे प्रेक्षागार विमानातून काढलेल्या चित्रातल्यासारखेच आहे का, हे पाहिल्याशिवाय विक्रेत्याने मागे पेन्सिलीने लिहिलेल्या गावाच्या नावावर विश्वास ठेवू नये.

१९४२ चा उन्हाळा ही शोधाची सोयीची सीमा आहे, कारण महायुद्धात पेट्रोल आणि रबर वाचवण्यासाठी सरकारने त्या वर्षी जुलैअखेर मोटारशर्यती बंद केल्या. युद्धानंतर पुन्हा सुरू झालेल्या शर्यतींची कहाणी वेगळी आहे, आणि आयोवातील नॉक्सव्हिलसारख्या गावांनी ती आजही चालू ठेवली आहे. तिथे जत्रेच्याच मैदानावर १९६१ पासून नॉक्सव्हिल नॅशनल्स ही शर्यत भरते आणि शेजारी स्प्रिंट कार, म्हणजे मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या उघड्या चाकांच्या लहान शर्यतगाड्या, यांच्या शर्यतींचे संग्रहालयही आहे. जुन्या गाडीची घडण समजून घ्यायची असेल, तर तिथे एक दिवस जरूर द्यावा.

लिहायला बसल्यावर प्रत्येक विधानापुढे ते जाहिरातीतून, वृत्तांतातून, जमाखर्चातून की स्वतःच्या मोजमापातून आले हे नोंदवावे, आणि जिथे दोन आधार जुळत नाहीत तिथे दोन्ही आकडे ठेवावेत. तयार झालेल्या टिपणाची एक प्रत, मोजमापाचा नकाशा आणि पोस्टकार्डांच्या दोन्ही बाजूंच्या प्रतिमा कौंटीच्या इतिहास मंडळाकडे द्याव्यात, आणि त्या मोटारशर्यतींच्या फायलीत न ठेवता जत्रेच्या फायलीत, त्या वर्षाच्या कागदांबरोबर ठेवण्याची विनंती करावी.