सेवापथक घेऊन परदेशी जाताना

लातूर, जालना, नांदेड किंवा धाराशिव येथील एखादे मंडळ, डॉक्टरांचा गट किंवा महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी नेपाळमधील वा पूर्व आफ्रिकेतील गरीब वस्तीत जाऊन काही आठवडे काम करायचे ठरवतात, तेव्हा पहिल्या बैठकीत बहुधा तिकिटे, टी-शर्ट आणि बॅनर यांचीच चर्चा होते. वास्तविक त्या बैठकीत एकच प्रश्न निकाली काढायला हवा, तो म्हणजे आपल्याला तिथे कोणी बोलावले आहे का आणि कोणत्या कामासाठी. त्याचे नेमके उत्तर नसेल तर पुढची तयारी कितीही चोख असली तरी व्यर्थ आहे.

मराठवाड्यातील माणसाला हे सांगण्याची फारशी गरज पडू नये, कारण मदत घेणाऱ्याच्या बाजूला आपण उभे राहिलेलो आहोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि त्यानंतर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. देशविदेशांतून मदत आली, घरे उभी राहिली, आणि त्याबद्दलची कृतज्ञता या भागात आजही आहे. परंतु काही पुनर्वसित गावांत घुमटाच्या आकाराची घरे बांधण्यात आली, त्यांचा अनुभव लक्षात ठेवण्यासारखा आहे. तो आकार भूकंपाला तोंड देण्यास उत्तम असतो, यात शंका नाही. मात्र भिंत वर जाता जाता आत वळत असल्याने लोखंडी कपाट तिला टेकत नाही, देवाची तसबीर सरळ टांगता येत नाही, आणि मुलाच्या लग्नानंतर एक खोली वाढवायची झाली तर ती जोडायची कुठे, हा प्रश्न सुटत नाही. हे तीन दोष त्या गावातील कोणत्याही आजीने आराखडा पाहताक्षणी सांगितले असते.

निमंत्रण कसे मिळवावे

निमंत्रण लेखी असावे आणि ते स्थानिक, नोंदणीकृत संस्थेकडून किंवा स्थानिक शासनाकडून आलेले असावे. नेपाळमध्ये नव्या राज्यघटनेनंतर ७५३ स्थानिक पालिका अस्तित्वात आल्या आहेत. त्यामुळे ग्रामीण भागात जायचे असल्यास तेथील गाउँपालिका (ग्रामीण पालिका) आणि तिचे वडा कार्यालय (प्रभाग कार्यालय) यांना डावलून काहीही करू नये. परदेशी संस्थेला तेथे संस्था म्हणून काम करायचे असेल तर काठमांडू येथील समाज कल्याण परिषदेची मान्यता लागते. ती स्वतः मिळवत बसण्यापेक्षा आधीच मान्यता असलेल्या नेपाळी संस्थेच्या हाताखाली काम करणे नवख्या पथकासाठी शहाणपणाचे ठरते. युगांडात पाण्याशी संबंधित काम असेल तर जिल्ह्याच्या जल कार्यालयाशी आधी पत्रव्यवहार करावा.

पत्र आल्यानंतर किमान दोन-तीन वेळा सविस्तर दूरध्वनी करावा आणि दोन प्रश्न आडपडदा न ठेवता विचारावेत. पहिला प्रश्न असा की यापूर्वी आलेल्या पथकाने जे केले, त्यातले आज काय चालू आहे. दुसरा प्रश्न थोडा अवघड आहे: आमच्या प्रवासावर खर्च होणारी रक्कम आम्ही तुम्हालाच दिली, तर तुम्ही तिचे काय कराल? समोरून उत्तर आले की गावातील चार गवंडी हंगामभर कामाला लावू आणि शाळेच्या दोन खोल्या पूर्ण करू, तर पथकाने घरी बसावे आणि कायदेशीर मार्गाने पैसे पोहोचवण्याची व्यवस्था करावी. नेपाळमध्ये गवंड्याला डकर्मी म्हणतात. २५ एप्रिल २०१५ च्या ७.८ तीव्रतेच्या भूकंपानंतर अनेक डकर्मींना भूकंपरोधक बांधकामाचे प्रशिक्षण देण्यात आले. अशा ठिकाणी आपल्याकडचे बँक कर्मचारी आणि प्राध्यापक विटा उचलायला गेले, तर त्यांच्या फुकट श्रमांमुळे तिथल्या मजुराचा रोज बुडतो. शिवाय भिंतही धड येत नाही.

आपल्याकडे नेत्रशिबिराची कल्पना सर्वांना चटकन सुचते, म्हणून तिच्याबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक वाटते. काठमांडूच्या तिलगंगा नेत्र संस्थेत डोळ्यात बसवायची भिंगे तयार होतात आणि ती अनेक देशांत जातात, तेथील डॉ. सन्दुक रुइत यांची अल्पखर्चातील मोतीबिंदू शस्त्रक्रियेची पद्धत जगभर नावाजली गेली आहे. आणि सीमेलगतच्या नेपाळी नेत्ररुग्णालयांत उत्तर प्रदेश व बिहारमधील रुग्ण मोठ्या संख्येने उपचारासाठी जातात. त्यामुळे मोतीबिंदूचे शिबिर घेऊन नेपाळला जाण्यापूर्वी आपण नेमके कोणाला काय शिकवायला निघालो आहोत, याचा विचार करावा. देश गरीब आहे म्हणजे तेथे सर्वच गोष्टींची वानवा आहे, असे समजणे हा या क्षेत्रातील सर्वांत महागडा गैरसमज आहे.

आपल्याजवळ काय आहे

मराठवाड्याजवळ देण्यासारखे काही आहे का? निश्चितच आहे, परंतु ते बहुधा आपल्या नजरेतून सुटते. आज आशिया आणि आफ्रिकेतील असंख्य खेड्यांत दिसणारा इंडिया मार्क टू हा हातपंप, म्हणजे आपला हापसा, ज्या सुधारणांमधून घडला त्यांतील एक महत्त्वाची पायरी जालन्याची आहे. तेथील मिशनच्या कार्यशाळेत जुन्या ओतीव लोखंडी पंपांना पर्याय म्हणून जालना पंप तयार झाला, त्यातून पुढे सोलापूर पंप आला आणि १९७० च्या दशकात युनिसेफ व भारत सरकार यांच्या प्रयत्नांतून इंडिया मार्क टू आकाराला आला. युगांडात वापरला जाणारा यू टू पंप त्याचाच भाऊबंद आहे. दुष्काळी तालुक्यांत वीस-पंचवीस वर्षे हापसे दुरुस्त केलेला मेकॅनिक इंग्रजीत चार वाक्ये बोलू शकत नसला, तरी त्याला तिथला पंप उघडता क्षणी ओळखीचा वाटेल. अशा दोन माणसांचे पथक वीस विद्यार्थ्यांच्या पथकाहून अधिक उपयोगी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

अर्थात जाणकारानेही तिथे गेल्यावर आधी पाहावे आणि मग पान्याला हात घालावा. पाणी यायला पूर्वीपेक्षा जास्त वेळा हापसावे लागत असेल तर सिलिंडरमधील वॉशर झिजले असण्याचा संभव असतो. सकाळी पहिले पाणी यायला वेळ लागत असेल तर खालचा व्हॉल्व्ह गळत असतो. हे निदान जालन्यात आणि युगांडात सारखेच आहे. पाइपांचे मात्र तसे नाही. आपल्याकडील काळ्या खडकातील पाणी सहसा अल्कधर्मी, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे असते आणि त्यात जस्त चढवलेले लोखंडी पाइप बरीच वर्षे टिकतात. युगांडाच्या अनेक भागांत भूजल आम्लधर्मी आहे, आणि पाण्याचा पीएच (आम्लतेचे माप, आकडा जितका कमी तितके पाणी जास्त आम्ल) साडेसहाच्या खाली असेल तर हेच पाइप झपाट्याने गंजतात, पाणी तांबूस होते, कपड्यांवर डाग पडतात, चव लोखंडी लागते, आणि पंप चालू असूनही बायका पुन्हा उघड्या झऱ्याकडे वळतात. तिथे नवे लोखंडी पाइप बसवून देणे म्हणजे पुढच्या खेपेची तजवीज करून ठेवणे होय. स्टेनलेस स्टीलचे किंवा योग्य प्रतीचे प्लास्टिकचे पाइपच तिथे वापरायला हवेत. पीएच तपासण्याच्या पट्ट्या स्वस्त असतात आणि खिशात मावतात, तेव्हा त्या सोबत न्याव्यात.

सुट्या भागांबाबतही तारतम्य हवे. जालन्याहून वॉशरची पोती भरून नेण्याचा मोह होतो, कारण माल आपल्याकडे स्वस्त मिळतो. परंतु युगांडात जिल्ह्याच्या गावी सुटे भाग विकणारा दुकानदार असतो, आणि हातपंप मेकॅनिकांच्या जिल्हावार संघटनाही आहेत. फुकटचा माल आला की त्या दुकानदाराची विक्री थांबते, तो माल ठेवणे बंद करतो, आणि आपली पोती संपल्यावर गावाला वॉशर कुठेच मिळत नाही. म्हणून शक्य तितकी खरेदी तिथल्याच दुकानातून करावी आणि दुरुस्ती स्थानिक मेकॅनिकाच्या हातून, आपण बाजूला उभे राहून, करवून घ्यावी.

काम केवळ यंत्राचेच असले पाहिजे असे नाही. २००१ च्या कच्छ भूकंपानंतर लातूर-धाराशिव भागातील महिला स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या माध्यमातून तिकडे गेल्या आणि किल्लारीनंतरच्या पुनर्बांधणीत आपण काय शिकलो, हे त्यांनी तिथल्या बायकांना सांगितले. तो देशांतर्गत प्रवास होता. तरीही पथक कसे असावे याचा तो मला आजवरचा सर्वांत चांगला नमुना वाटतो, कारण जाणाऱ्यांजवळ स्वतः भोगलेला अनुभव होता.

माणसे, पैसा, कागदपत्रे

पथक लहान असावे. सहा ते आठ जण पुरेत. हौसे, नवसे, गवसे यांना प्रेमाने नकार देण्याचे काम मंडळातील एखाद्या ज्येष्ठ व्यक्तीकडे सोपवावे. पाणी, आरोग्य किंवा बचत गट यांच्याशी संबंधित काम असेल तर पथकात महिला असणे अनिवार्य मानावे. मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येकाचा पोलिसांकडून चारित्र्य पडताळणीचा दाखला घ्यावा, मग तो माणूस अध्यक्षांचा भाचा का असेना.

प्रत्येक सदस्याने आपला प्रवासखर्च स्वतः करावा, हे सर्वांत सुटसुटीत. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेल्या न्यासाचा पैसा परदेशात खर्च करणे वाटते तितके सोपे नाही. आयकरातील धर्मादाय सवलत मुळात भारतात केलेल्या कार्यासाठी असते आणि बाहेरच्या खर्चासाठी विशेष मंजुरी लागते. म्हणून वर्गणी गोळा करण्यापूर्वीच सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा, पावत्या फाडल्यानंतर नव्हे.

नेपाळसाठी भारतीय नागरिकाला व्हिसा लागत नाही, मात्र प्रौढ व्यक्तीजवळ पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र असावे लागते. आधार कार्डावर विसंबून सीमेवर अडकलेली मंडळी दरवर्षी भेटतात. रेल्वेने जायचे तर मनमाडहून गोरखपूर आणि तेथून रस्त्याने सुनौली सीमा, हा मार्ग सोयीचा आहे. नेपाळ प्रवासासाठी बँक परकीय चलन देत नाही. शंभर भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये हा दर ठरलेला आहे आणि जवळ शंभरच्या नोटा ठेवाव्यात. जून ते सप्टेंबर हे दरडी कोसळण्याचे आणि भातलावणीचे दिवस, तर दसैं (दसरा) आणि तिहार (दिवाळी) यांच्या काळात कार्यालये बंद व घरे पाहुण्यांनी भरलेली. हा काळ टाळावा.

युगांडासाठी व्हिसा आणि पिवळ्या तापाच्या लसीचे प्रमाणपत्र लागते. ही लस केवळ केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रांवर मिळते, त्यामुळे मुंबई-पुण्याची फेरी गृहीत धरून आधीच वेळ घ्यावी. प्रवासापूर्वी किमान १० दिवस ती घेतलेली असावी लागते, आणि प्रमाणपत्राशिवाय परत आल्यास भारतात सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू कराव्यात आणि परतल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात. घरी आल्यावर ताप आला तर गावातल्या डॉक्टरांना आफ्रिकेतून आल्याचे पहिल्याच वाक्यात सांगावे.

औषधे आणि मुले

डॉक्टरांनी हे पक्के समजून घ्यावे की भारतातील नोंदणीच्या बळावर दुसऱ्या देशात रुग्ण तपासता येत नाही. नेपाळमध्ये नेपाळ मेडिकल कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. जे विद्यार्थी लातुरात टाके घालू शकत नाहीत, त्यांनी ते तिथेही घालू नयेत. औषधे नेताना जागतिक आरोग्य संघटनेचा निकष पाळावा: औषध तिथल्या यादीतले असावे, त्याची मागणी झालेली असावी आणि पोहोचल्यानंतर त्याची मुदत किमान एक वर्ष उरलेली असावी. १९८८ च्या आर्मेनिया भूकंपानंतर सुमारे ५,००० टन औषधे व वैद्यकीय साहित्य तिकडे पोहोचले आणि ते नुसते निवडायला पन्नास माणसांना सहा महिने लागले. औषध कंपन्यांच्या प्रतिनिधींकडून मिळालेल्या नमुन्यांच्या गोळ्या पिशवीत भरून नेणे हा त्याचाच लहान प्रकार आहे.

अनाथाश्रमात जाऊन मुलांशी खेळण्याचा कार्यक्रम वगळावा, असे मी आग्रहाने सांगेन. नेपाळमधील अशा संस्थांतील बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात, आणि पाहुण्यांकडून देणग्या मिळतात म्हणून मुलांना खेड्यांतून आणून संस्थेत ठेवले जाते, असा इशारा युनिसेफने २०१५ च्या भूकंपानंतर दिला होता. आपण नेलेला खाऊ त्या व्यवहाराला हातभार लावतो. छायाचित्रांचेही तेच. दुष्काळात टँकरभोवती घागरी घेऊन उभ्या असलेल्या आपल्या बायकांचे फोटो न विचारता छापले गेले, तेव्हा आपल्याला जसे वाटले, तसेच तिथल्यांना वाटते. आधी विचारावे, नकार मिळाल्यास मोबाइल खिशात ठेवावा, आणि मुलांचे चेहरे समाजमाध्यमांवर टाकूच नयेत.

निघताना

शेवटचे दोन दिवस सत्कारासाठी नव्हे, तर सुपूर्द करण्यासाठी राखून ठेवावेत. कोणते पंप उघडले, काय बदलले, कोणता भाग कोणत्या दुकानातून किती किमतीला आणला, काय अपुरे राहिले, याची नोंद तिथल्या पाणी समितीच्या वहीत, त्यांच्या भाषेत, त्यांच्याच हस्ताक्षरात व्हावी आणि एक प्रत जिल्हा कार्यालयात द्यावी. अवजारे ठेवून यायची असल्यास ती नेमक्या कोणाच्या ताब्यात राहतील, हे समितीसमोर ठरवावे. परत आल्यावर महिन्याभरात हिशेब देणगीदारांपुढे ठेवावा आणि तोच हिशेब निमंत्रण देणाऱ्या संस्थेलाही पाठवावा. हे दुसरे काम बहुतेक पथके विसरतात. सहा महिन्यांनी आणि पुन्हा वर्षाने दूरध्वनी करून किती पंप चालू आहेत, बंद पडलेला कोणी दुरुस्त केला आणि त्याचे पैसे कोणी दिले, हे विचारावे. पुढच्या वर्षी पथक पाठवायचे की केवळ पाइपांचे पैसे, याचा निर्णय त्या उत्तरावर घ्यावा.