हिब्रू शास्त्रातील न्याय, दया आणि पश्चात्ताप कसे अभ्यासावेत

हिब्रू शास्त्रातला, म्हणजेच ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारातला देव केवळ कोपिष्ट आहे, असे मत पुष्कळ वाचक पहिल्या काही अध्यायांतच बनवून टाकतात. नाशिकसारख्या, पारायणांची आणि अभ्यासमंडळांची जुनी सवय असलेल्या शहरात हिब्रू शास्त्र समजून घेण्याची इच्छा अनेकांना असते. पण पहिल्या पानापासून वाचायला घेतले की लेवीय या पुस्तकातील यज्ञविधींपाशी मंडळ थकते आणि ग्रंथाचा गाभा हाती लागायचा राहून जातो. म्हणून येथे वेगळा क्रम सुचवीत आहे. या ग्रंथांत देवाची दया ज्याच्यावर अन्याय झाला त्याला विसरून अपराध्यापर्यंत पोहोचत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील क्रम त्या मतावरच उभा आहे.

पवित्र शास्त्राची, म्हणजे बायबलची, मराठीत एकाहून अधिक भाषांतरे आहेत. त्यांपैकी दोन जवळ ठेवावीत. पाच-सहा जणांनी बसावे, एकाने पूर्ण अध्याय मोठ्याने वाचावा आणि तो संपेपर्यंत कोणी मध्ये बोलू नये. सुटी वचने काढून त्यांवर प्रवचन करण्याची आपली सवय येथे फार नुकसान करते, कारण न्यायाचे वचन आणि दयेचे वचन बहुधा एकाच कथेत, कधी एकाच वाक्यात असते.

आरंभ निर्गम या पुस्तकाच्या 32 ते 34 या अध्यायांपासून करावा. सीनाय पर्वताच्या पायथ्याशी इस्राएल लोकांनी पूजेसाठी सोन्याचे वासरू केले, त्यांचा पुढारी मोशे याने देवाच्या आज्ञांच्या दगडी पाट्या फोडल्या आणि त्यानंतरच देवाने मोशेपुढे आपली ओळख सांगितली: दयाळू, कृपाळू, मंदक्रोध, हजारो पिढ्यांवर दया करणारा, अपराधांची क्षमा करणारा, तरी दोषी माणसाला निर्दोष न ठरवणारा. ही ओळख लोकांच्या आज्ञाधारकपणाच्या दिवशी दिलेली नसून त्यांच्या घोर अपराधानंतर दिलेली आहे, हे मंडळाच्या ध्यानात आणून द्यावे. मग हेच शब्द पुढे कोण कसे वापरतो ते पाहावे. योना 4:2 मध्ये (अध्याय 4, वचन 2), निनवे नगराला इशारा देण्यासाठी पाठवलेला पण पळून गेलेला संदेष्टा योना त्यांचीच तक्रार करतो: तू दयाळू आहेस हे मला ठाऊक होते, म्हणून तर मी पळालो. त्याच निनवे नगराविषयी बोलताना नहूम 1:3 मध्ये मंदक्रोध हा शब्द येतो, पण त्याच्या लगेच मागे दोषीला सोडणार नाही हे वाक्य आहे. योनाचे पुस्तक अवघ्या 4 अध्यायांचे आहे आणि ते देवाच्या प्रश्नावर संपते: उजवा-डावा हात न कळणारी 1,20,000 हून अधिक माणसे आणि पुष्कळ गुरेढोरे असलेल्या नगराची मी कीव करू नये काय? योनाचे उत्तर ग्रंथात नाही. मंडळानेही ते घाईने देऊ नये.

यानंतर 1 राजे 21 घ्यावा, आणि या अध्यायाला एक संपूर्ण बैठक द्यावी. इज्रेल येथे राजा अहाबाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तेथे भाजीपाला लावायचा होता. त्याने बदल्यात चांगला मळा किंवा रोख किंमत देऊ केली. नाबोथाने वाडवडिलांचे वतन देण्यास नकार दिला. निफाड किंवा दिंडोरीच्या बागायतदाराला हा नकार समजावून सांगावा लागत नाही. सातबाऱ्यावरचे नाव म्हणजे केवळ जमिनीचा भाव नव्हे, हे त्याला जन्मापासून माहीत असते. राजा तोंड फिरवून पडून राहिला, जेवेना. राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर त्याची मोहोर केली, गावात उपास जाहीर करवला आणि दोन खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडमार करवून ठार केले. उपास, साक्ष, वडीलधाऱ्यांची सभा, सारे काही रीतसर झाले; अन्याय न्यायाच्याच वेषात आला, आणि येथे वाचकाने क्षणभर थांबलेच पाहिजे.

एलीया संदेष्ट्याने राजाला मळ्यातच गाठले आणि विचारले: तू खून करून ताबाही घेतलास काय? अहाबाने कपडे फाडले, गोणपाट नेसला, उपास केला. तेव्हा देवाने एलीयाला सांगितले की तो नमला आहे, म्हणून अरिष्ट त्याच्या हयातीत न येता त्याच्या मुलाच्या काळात येईल. मंडळात येथे वाद होणारच, आणि तो होऊ द्यावा. माझ्या मते वहीत दोन गोष्टी शेजारी-शेजारी लिहून ठेवाव्यात: देवाने अहाबाचे नमणे खरे मानले, आणि मळा परत केल्याचा उल्लेख कथेत कोठेही नाही. शिक्षा लांबली, पण टळली नाही, यामागे हीच उणीव असावी असे मला वाटते.

तसे वाटण्याला नियमशास्त्राचा, म्हणजे मोशेच्या नियमांचा, आधार आहे. लेवीय 6 च्या आरंभी सांगितले आहे की लुबाडलेली वस्तू मूळ मालकाला भरून द्यावी, वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा, आणि त्यासोबत दोषार्पण, म्हणजे अपराधाबद्दलचा यज्ञबळी, आणावे. गोदाकाठी राहणाऱ्या आपल्या मनात प्रायश्चित्त म्हटले की स्नान, दान, व्रत या गोष्टी आधी येतात. त्यांविषयी पूर्ण आदर ठेवून एवढे लक्षात घ्यावे की येथे ज्याचे नुकसान झाले त्याच्या दारात जाणे टाळता येत नाही. साधारण इसवी सन 200 च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या यहुदी नियमसंग्रहातही हाच नियम आहे: माणूस आणि देव यांच्यातील पापांचे प्रायश्चित्त योम किप्पूर या यहुदी उपासाच्या दिवशी होते, पण माणसा-माणसांतील पापांचे प्रायश्चित्त दुखावलेल्याची समजूत काढल्याशिवाय होत नाही. मराठी बोलणारा आपला बेने इस्राएल हा यहुदी समाज या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत आला आहे. त्या दिवशी यहुदी सभास्थानात सकाळी यशया 58 वाचला जातो, ज्यात भुकेल्याला अन्न आणि जुलुमाखालच्याला सुटका हाच खरा उपास म्हटला आहे, आणि दुपारी योना वाचला जातो. आपल्या मंडळानेही ही दोन्ही वाचने एकाच दिवशी करून पाहावीत.

बापांनी आंबट द्राक्षे खाल्ली आणि मुलांचे दात आंबले, ही म्हण यहेज्केल 18 मध्ये देव मोडीत काढतो: जो पाप करील तोच मरेल, आणि दुष्ट मागे फिरला तर जगेल. याच्यासोबत निर्गम 34:7 मधील तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंतच्या शिक्षेचे वाक्य ठेवले की तणाव स्पष्ट दिसतो. तो मिटवण्याची घाई करू नये. संदेष्टा यहेज्केल बाबेलमध्ये निर्वासित झालेल्या लोकांशी बोलत होता, आणि आपण पूर्वजांच्या पापाची फळे भोगतो म्हणून आपल्या हाती काही नाही, असे त्या लोकांनी ठरवून टाकले होते, हे सांगितले की अध्यायाचा रोख कळतो. यिर्मया 18 मधील कुंभाराचा प्रसंग जोडीला वाचावा. संदेष्ट्याचे अरिष्टाचे भाकीत लोक वळले तर फिरू शकते, हे तेथे उघड सांगितले आहे.

2 शमुवेल 12 मात्र नवख्या मंडळाने लवकर घेऊ नये. दावीद राजा नाथान संदेष्ट्यापुढे आपले पाप कबूल करतो, त्याला क्षमा मिळते, तरी त्याचे बाळ दगावते. ज्या घरात मूल गेले आहे अशा माणसासमोर या अध्यायाचे स्पष्टीकरण देऊ नये. तो वाचावा आणि मौन पाळावे.

शेवटच्या बैठकीसाठी यरुशलेमात राज्य करणाऱ्या मनश्शे राजाचे दोन वृत्तांत ठेवावेत. 2 राजे 21 मध्ये त्याने यरुशलेम निर्दोष रक्ताने भरून टाकले असे म्हटले आहे, आणि नगराच्या नाशाचे कारण पुढेही त्याच्याच पापांत दाखवले आहे. 2 इतिहास 33 मध्ये तोच राजा बेड्या पडून बाबेलला नेला जातो, तेथे प्रार्थना करतो, देव त्याला परत आणतो, आणि मग तो स्वतः बसवलेली मूर्ती मंदिरातून काढतो व वेदी पुन्हा उभारतो. लोक मात्र उच्चस्थानी, म्हणजे मंदिराबाहेरच्या उंचवट्यांवरील पूजास्थानी, यज्ञ करीतच राहतात. एका गटाने पहिला वृत्तांत आणि दुसऱ्याने दुसरा वाचावा, मग एकमेकांना विचारावे: ज्यांचे रक्त सांडले त्यांच्याविषयी तुमच्या अध्यायात काय लिहिले आहे?